फॉर्म हरवलेल्या जुन्या बास्केटबॉलपटूला संघात जागा द्यावी का? (क्ले थॉम्पसनच्या निमित्ताने)

तुम्ही विचारलंय की २०२३-२४ च्या हंगामात एनबीए ह्या अमेरिकी लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनी क्ले थॉम्पसनला बेंचवर बसवलं ते बरोबर होतं का, आणि चार किताब मिळवून देणाऱ्या माणसाची जागा त्याच्या पडत्या काळात राखून ठेवायला नको का. शेवटी हेही लिहिलंय की तुम्ही स्वतः एका क्लबच्या निवड समितीवर आहात आणि असाच एक जुना खेळाडू तुमच्यासमोर आहे.

बेंचवर बसवलं ते बरोबर होतं. आणि जागा कुणाचीच राखून ठेवायची नसते. पण एवढं बोलून हात झटकणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, त्यांच्याशी माझं आजही पटत नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी क्लेचं. बारा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये ३७ गुण, इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या ६० गुणांच्या सामन्यात त्याने एकूण ११ ड्रिबल केले होते. म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळणारा हा माणूस नव्हेच. त्याचा सगळा खेळ पायांवर. स्क्रीनला, म्हणजे वाट अडवून उभ्या सहकाऱ्याला, वळसा घालून धावायचं, चेंडू हातात पडायच्या आत पाय जमवायचे आणि उडायचं. दुसऱ्या टोकाला समोरच्यांचा सगळ्यात चपळ गार्ड अंगावर घ्यायचा. जून २०१९ मध्ये टोरंटोविरुद्धच्या फायनलमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. नोव्हेंबर २०२० मध्ये उजव्या पायाचं अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा. पहिल्या दुखापतीनंतर ९४१ दिवसांनी तो परतला, त्याच वर्षी संघाने किताब जिंकला, पुढच्या हंगामात त्याने ३०१ थ्री (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) मारले आणि ते अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक होते. हात शाबूतच होता. गेलं होतं ते आडवं सरकणं, आणि थकल्यावर उडीतली ती शेवटची दोन बोटं उंची.

२०२३-२४ मध्ये त्याची सरासरी १७.९ गुण आणि थ्रीचं प्रमाण ३८.७ टक्के. दुसऱ्या कुणाचे हे आकडे असते तर पेढे वाटले असते. पण हा ४ कोटी ३२ लाख डॉलरच्या पगाराचा खेळाडू होता, संघ हरत होता, आणि दोन चुकले की तिसरा शॉट तो घाईने घेत होता. फेब्रुवारीत ब्रुकलिनविरुद्ध शेवटची मिनिटं त्याला बाहेर बसवलं. पुढच्या आठवड्यात, १५ फेब्रुवारीला, यूटाविरुद्ध पॉडझिएम्स्की नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा सुरुवातीच्या पाचांत आला आणि क्ले मार्च २०१२ नंतर पहिल्यांदा बेंचवरून उतरला. ३५ गुण केले त्याने. संघ १४०-१३७ ने जिंकला.

‘अन्याय, अन्याय’ म्हणणाऱ्यांना मी मार्च २०१२ च आठवायला सांगतो. तेव्हा त्या जागेवर मॉन्टा एलिस होता, ओकलंडच्या (संघ तेव्हा तिथे खेळायचा) लोकांचा जीव की प्राण. क्लबने त्याला मिलवॉकीला देऊन टाकला आणि जागा मिळाली पहिल्या वर्षाच्या क्लेला. लोक एवढे चिडले की आठवड्याभरात संघाचा जुना खेळाडू ख्रिस मलिनच्या सत्काराच्या कार्यक्रमात क्लबचे मालक जो लेकब माइकवर आले तर त्यांची हुर्यो उडवून त्यांना बोलू दिलं नाही. क्लेची जागा अशीच कुणाची तरी होती. जागा हलती असते म्हणून तर नवीन पोरगा पहाटे उठून ग्राउंडवर येतो.

आता माझं दुखणं.

मी नागपूरचा. एका जुन्या क्लबकडून बरीच वर्षं खेळलो, शेवटी कप्तानही होतो. आमच्याकडे एक सीनियर होते, सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. बँकेतून सुटले की स्कूटरवर डब्याची पिशवी तशीच लटकवलेली, थेट ग्राउंडवर. गॅलरीच्या खालच्या पायरीवर बसून नी-कॅप चढवायचे, लेस बांधायचे आणि मग डाव्या कॉर्नरमधून शॉट सुरू. त्या कॉर्नरवर त्यांचा सातबारा होता असं आम्ही पोट्टे म्हणायचो. मला पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा, त्यांनी बनवलं. ‘चेंडू माणसाकडे देऊ नको, माणूस जिथे पोचणार आहे तिथे दे’, हे त्यांनी मला शिव्या घालून शिकवलं.

मग गुडघा गेला. बाहेरच्याला कळलंही नसतं, पण पास देणाऱ्याला कळतं. आधी माझा पास हातात पडायचा आणि चेंडू सुटायचा. आता पास घेतला की ते उजवा पाय छोटासा पुढे टाकायचे, जोर आणायला. तेवढ्या अर्ध्या सेकंदात बचावपटूचा हात तोंडावर. आणि जो शॉट सुटायचा तो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायचा. हात चुकला तर चेंडू डावी-उजवीकडे जातो, पाय संपले की तो आखूड पडतो. त्यांचे सगळे आखूड पडत होते. एका निमंत्रितांच्या स्पर्धेआधी महिनाभर मी हे रोज बघत होतो. ज्युनियरमधून एक पोरगा वर आला होता, उंच, पायात स्प्रिंग. पाचांत तोच यायला हवा होता, त्यावर माझं दुमत तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

आमच्या सेक्रेटरींनी बारा जणांची टाइप केलेली यादी संध्याकाळी नोटीस बोर्डावर लावली. भाऊंचं नाव पाचांत नव्हतं, बारांतही नव्हतं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी कप्तान, मलाही नाही. ते नेहमीसारखे आले, बोर्डासमोर ज्युनियरची पोरं घोळका करून उभी होती ती बाजूला झाली. त्यांनी यादी वरून खालपर्यंत वाचली. मग खिशातून किल्ली काढून लॉकर रिकामं केलं आणि जाता जाता मला म्हणाले, “टू-थ्री झोन लावशील तेव्हा तुझा डावीकडचा पोरगा उगाच वर येतो. त्याला कॉर्नर धरायला सांग.” त्यानंतर ते ग्राउंडवर आले नाहीत.

मी सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, “क्लब म्हणजे पेन्शन ऑफिस नाही. जागा कमवावी लागते, मागून मिळत नाही.” मी म्हटलं, “सर, त्यांनी मागितलीच कुठे?” त्यावर त्यांनी मला भावनाशील ठरवलं आणि विषय संपवला. स्पर्धा आम्ही जिंकलो. तो उंच पोरगा फायनलला सुंदर खेळला. तेव्हापासून कुठेही भेटलो, लग्नात, ग्राउंडवर, कुणाच्या तेराव्याला, की सर तो कप काढतात. बघा, निर्णय बरोबर होता की नाही?

पोरगा चांगला होता एवढंच त्या कपाने ठरतं, आणि ते मी आधीच मान्य केलं होतं. बारावं नाव ज्याचं होतं तो अख्ख्या स्पर्धेत एक मिनिटही कोर्टवर उतरला नाही. त्या जागी भाऊ असते तर समोरच्याने झोन (माणसामागे न धावता आपापली जागा राखायचा बचाव) लावल्यावर दोन-चार मिनिटं कॉर्नरमध्ये उभे करता आले असते. त्यांचा शॉट पडत नसला तरी त्यांना मोकळं सोडायची हिंमत शहरातल्या एकाही संघात नव्हती. एक बचावपटू कायम त्यांच्याजवळ अडकतो, आत जागा होते. वॉरियर्समध्ये क्लेचंही हेच होतं. त्याचा एकही शॉट पडलेला नसला तरी त्याला सोडून मदतीला जायला समोरचा कचरायचा, आणि संघाचा मुख्य खेळाडू स्टीफन करीला त्याचा फायदा व्हायचा. स्कोअरशीटवर हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

जुन्या खेळाडूचं काय करायचं ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण वॉरियर्समध्येच आहे. आंद्रे इग्वोडाला २०१४ पर्यंत कारकिर्दीतला एकेक सामना सुरुवातीच्या पाचांत खेळला होता. स्टीव्ह कर नवा कोच आला आणि त्याने इग्वोडालाला बेंचवर आणून हॅरिसन बार्न्सला पाचांत घेतलं. त्या हंगामात लीगचा एकही सामना इग्वोडालाने सुरू केला नाही. २०१५ च्या फायनलमध्ये संघ २-१ ने मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात कर त्याला पाचांत घेऊन आला, तिथून संघ सलग तीन जिंकला आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला. बेंच म्हणजे अडगळ नाही हे त्याला पटवून दिलेलं होतं, म्हणून हे जमलं. न पटलेला माणूस काय करतो तेही आहे. ॲलन आयव्हर्सन, २००१ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), २००९ मध्ये मेम्फिसला बेंचवरून तीन सामने खेळला आणि निघून गेला.

दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिसचा संघ लेकर्स. कोबी ब्रायंटचं अकिलीस एप्रिल २०१३ मध्ये तुटलं आणि तो कोर्टवर परतायच्या आतच नोव्हेंबरमध्ये त्याच्याशी दोन वर्षांचा, ४ कोटी ८५ लाख डॉलरचा करार झाला. २०१५-१६ मध्ये संघाच्या पगाराची मर्यादा ७ कोटी डॉलर, त्यातले अडीच कोटी एकट्याचे. त्याचे शंभरातले ३६ शॉटही पडत नव्हते. संघ १७ जिंकला, ६५ हरला, लेकर्सच्या इतिहासातला सगळ्यात वाईट हंगाम. शेवटच्या रात्री त्याने ५० शॉट घेऊन ६० गुण केले तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण ते देणं फेडणं होतं, संघ बांधणं नव्हतं. त्या मिनिटांत दोन-तीन पोरं तयार झाली असती.

म्हणजे सर जे म्हणतात की जागा कमवावी लागते, ते मी शब्दशः मानतो. मिनिटं इतिहासाला देऊ नयेत. माझं भांडण वेगळं आहे, आणि ते भावनेचं मुळीच नाही. त्या संध्याकाळी बोर्डासमोर उभ्या असलेल्या पोरांनी बघितलं की ज्याने पंधरा-वीस जणांना खेळ शिकवला त्याला इथे कागद वाचून कळतं. पुढच्या हंगामात त्यातले दोन चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबकडे गेले. सर त्याला गद्दारी म्हणतात. मी म्हणतो, त्यांनी यादी बरोबर वाचली. आणि तो उंच पोरगा, ज्याच्यासाठी हे सगळं झालं, त्याला कॉर्नरचा शॉट शिकवणारं नंतर कुणी उरलं नाही. तो आयुष्यभर आत, रिंगखालीच खेळत राहिला.

तुमच्या क्लबचं विचाराल तर यादी लावायच्या आधी त्याच्या घरी जा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. तू पाचांत नाहीस हे पहिल्या वाक्यात सांगा, चहा संपल्यावर नाही. मग बारांत तुझं काम काय ते नेमकं सांगा: कुठल्या बचावासमोर, साधारण किती मिनिटं, सरावात कुठल्या पोराला घेऊन. असं काम खरोखर नसेल तर तेही तिथेच सांगा. तो चिडेल, चिडू द्या. आयव्हर्सनसारखा निघून गेला तर तो त्याचा निर्णय, तुमचा नाही. आणि कोचने हे कप्तानावर ढकलायचं नाही, ज्याची सही यादीवर आहे त्यानेच जायचं.

दोन गोष्टी राहिल्या. एनबीएत करोडो डॉलर, एजंट, करार असतात, त्यामुळे क्ले आणि भाऊ एका तराजूत बसत नाहीत हे मला कळतं. क्लेला पगार मिळत होता आणि दुसरं दार उघडं होतं. तो जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या ५ कोटींच्या करारावर डॅलसला गेला. भाऊंना दुसरं दार नव्हतं. दुसरी गोष्ट, सॅक्रामेंटोविरुद्धच्या प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या जागेसाठीच्या सामन्यात) क्लेने दहा शॉटपैकी शून्य मारले, तो सामना तुम्ही पुरावा म्हणून दिलाय. एका रात्रीवरून कुणाचाच निकाल लावू नका, ना त्या शून्यावरून, ना यूटाविरुद्धच्या ३५ वरून. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो डॅलसकडून वॉरियर्सच्या मैदानात, चेस सेंटरला, परत आला तेव्हा क्लबने हजारो प्रेक्षकांना बोटीच्या कप्तानाच्या टोप्या वाटल्या होत्या, कारण तो खाडी ओलांडून स्वतःच्या बोटीने सामन्याला यायचा. २२ गुण केले त्याने, पण त्याचा संघ हरला. बेंचवर बसवलेल्या माणसाला असं परत येता आलं, कारण त्याला बेंचवर बसवताना तोंडावर सांगितलं गेलं होतं. आणि शेवटी आमच्या सेक्रेटरींना: सर, तुमचा कप मी स्वतः उचललाय, तो खराच आहे. पण भाऊंना आपल्या क्लबच्या एकाही कार्यक्रमाचं बोलावणं गेलेलं नाही, आणि ह्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी तो विषय लेखी मांडणार आहे.