३० पोस्टरं, ३ फ्रेमा

नाटका-सिनेमांची तीसेक पोस्टरं जमलीत, घर भाड्याचं आहे आणि फ्रेमवाल्याचा आकडा ऐकून तुम्ही तसेच परत आलात, असा एकूण प्रकार दिसतोय. हा नाद मी वीस वर्षं पोसतोय, म्हणून आधी हेच सांगतो: तीस फ्रेमा करूच नका. तीन करा आणि आतली पोस्टरं बदलत राहा.

फ्रेमवाला पैसे लावतो ते पट्टीच्या फुटावर. २० बाय ३० इंची, म्हणजे डबल क्राऊन पोस्टर घ्या. चारी बाजूंनी २ इंच माउंट, म्हणजे पोस्टरभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, सोडलं की ते झालं २४ बाय ३४. परिमिती ११६ इंच, म्हणजे पावणेदहा फुटांच्या आसपास. कोपरे तिरके कापताना वाया जाणारी पट्टी धरून तो अकरा फूट लावणार. वर काच, माउंट, मागचा हार्डबोर्ड आणि मजुरी. ही बेरीज तीस वेळा कुणालाच परवडत नाही.

म्हणून आज रात्री टेप घेऊन बसा आणि मापाप्रमाणे गठ्ठे लावा. बहुतेक पोस्टरं दोन-तीन मापांतच बसतील. सर्वांत मोठ्या गठ्ठ्याच्या मापाच्या तीन फ्रेमा करा. त्याहून लहान पोस्टरांसाठी माउंटची खिडकी तेवढी वेगळी कापून घ्यायची, फ्रेम तीच. फ्रेमवाल्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगा: मागून खिळे ठोकून वर खाकी कागद चिकटवायचा नाही, फिरत्या क्लिपा लावायच्या, म्हणजे फ्रेम मागून केव्हाही उघडते. त्याला हे आवडत नाही, पण करून देतो.

पट्टी खुशाल सिंथेटिक घ्या, सागवानाची हौस नको. हात आखडायचा नाही तो कागदाला जे टेकतं त्याच्या बाबतीत. आमच्या आजोळची देवाची जुनी तसबीर मी एकदा उघडली होती. मागे नुसती लाकडाची फळी होती. त्या फळीची नस न् नस चित्राच्या पाठीवर तपकिरी उमटली होती, आणि दोन फळ्यांच्या फटीचा पट्टा तर पुढून दिसत होता. लाकडातलं आम्ल कागदात उतरतं ते असं. हार्डबोर्ड हेही लाकूडच. त्याच्या आणि पोस्टरच्या मध्ये अ‍ॅसिड-फ्री माउंटबोर्ड घाला. किंचित महाग पडतो, पण तीन फ्रेमांना तीनच लागतात.

चिकटवण्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, कारण पहिलं पोस्टर मीच वाया घालवलं. प्लायवर पांढरा गोंद फासून मस्त ताणून बसवलं. पहिल्याच पावसाळ्यात पुरीसारखे फुगे आले, आणि काढायला गेलो तर कागद थराथराने सुटला. सेलोटेप तर विसराच. टेप गळून पडते, पिवळा डाग राहतो. लॅमिनेशन एकदा केलं की परतीची वाट नाही. जुन्या फोटो अल्बममध्ये कोपरे असायचे ते आठवतात ना? तसे मोठे कोपरे पारदर्शक पॉलिएस्टर शीटचे कापा, ते माउंटबोर्डाला चिकटवा आणि पोस्टर त्यात नुसतं सरकवा. पोस्टरला गोंदाचा थेंब लागत नाही, आणि बदलायला दहा मिनिटं पुरतात. कागद मोठा आणि लेचापेचा असेल तर खालच्या कडेला त्याच शीटची एक लांब खोबण करा, म्हणजे तो मध्ये खाली ओघळत नाही.

पोस्टर काचेला टेकता कामा नये. आपल्या हवेत ओल धरली की शाई काचेला चिकटते. २ मिलिमीटर जाडीचं माउंट असलं तरी अंतर राहतं. माउंट नको असेल तर कडेने आत बारीक पट्टी लावून घ्या. वर सांगितलेल्या मापाची २ मिमी काच अडीच किलोच्या वर जाते, तेवढंच अ‍ॅक्रिलिक सव्वा किलो. भाड्याच्या घरात, भुसभुशीत गिलाव्यावर, हा फरक महत्त्वाचा. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि धूळ ओढली जाते, तेव्हा कोरड्या फडक्याने खसाखसा पुसायचं नाही.

३० बाय ४० इंची धूड असेल आणि कागद नवा, दणकट असेल, तर फ्रेमच नको. शाळेत नकाशे टांगायचे तसं करा. वखारीतून चार बीडिंग पट्ट्या, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, आणायच्या, पोस्टरपेक्षा दोन्हीकडे इंचभर जास्त लांब. वर दोन, खाली दोन. पोस्टर मध्ये धरायचं आणि स्क्रू कागदाच्या बाहेर, त्या वाढीव इंचात मारायचे. कागदाला भोक नाही. मध्ये पकड सैल वाटली तर एक बाइंडर क्लिप लावा. जुन्या, घड्या पडून मऊ झालेल्या पोस्टरला हा प्रकार नको, घडीवरच फाटेल. आणि घडी मोडायला इस्त्री फिरवू नका. स्वच्छ कागदांत घालून वर जाड पुस्तकं ठेवा, महिनाभर विसरून जा.

भिंतीला भोकं पाडायला घरमालक कुरकुरत असेल तर पुढे कड असलेली एकच लांब फळी लावा आणि तिन्ही फ्रेमा तिच्यावर टेकवा. उंचीचं म्हणाल तर आपल्याकडे सगळंच फार वर लागतं. देव आणि पूर्वज छताजवळ, पुढे कललेले, त्याच हिशेबाने पोस्टरही. सोफ्यावर बसून नीट वाचता आलं पाहिजे.

बाहेरची, पावसाचा मारा झेलणारी भिंत टाळाच. कुठल्याही भिंतीवर फ्रेमेच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळते. थेट उन्हात रंग उडतो. लाल आणि पिवळा आधी जातात. सर्वांत दुर्मीळ जे असेल त्याचा चांगला फोटो काढून प्रिंट मारा आणि भिंतीवर ती लावा. अशी प्रिंट सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या पाटीवर, चिकटवली तरी हरकत नाही.

उरलेली सत्तावीस दिवाणाखाली आडवी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. दर दोन-तीन महिन्यांनी भिंतीवरची बदलताना गठ्ठाही चाळला जातो, त्यामुळे कसर लागली असेल तर वेळेत कळतं. मला एकदा गणपतीत कळलं होतं. तोवर दोन पोस्टरांच्या कडा खाऊन झाल्या होत्या.