किशोरवयीन मुलींचं गरोदरपण टाळण्यासाठी गावात जनजागृतीची सत्रं घेऊन खरंच फरक पडतो का?

तुमच्या मंडळाला गावोगाव शाळेतल्या मुलींची सत्रं घ्यायची आहेत आणि सुरुवात कुठून करावी असं तुम्ही विचारलंय. मी बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स म्हणून 22 वर्षं काढली. फरक पडतो, पण नुसत्या मुली बसवून पडत नाही.

2014 साली आमच्या भागातल्या एका शाळेत मी नववीच्या मुलींचं सत्र घेतलं होतं. लोहाची निळी गोळी द्यायला जायचेच, त्यामुळे पोरी ओळखीच्या होत्या. पाळी, गर्भ कसा राहतो, अठराच्या आत बाळंतपण का धोक्याचं, सगळं चित्रं दाखवून सांगितलं. शेवटी प्रश्न विचारले तर पहिल्या बाकावरच्या एका मुलीची सगळी उत्तरं बरोबर आली. बक्षिसाचा स्टीलचा डबा मीच तिच्या हातात दिला.

दीड वर्षानं शेजारच्या गावात लसीकरणाला गेले, तर ती अंगणवाडीच्या दारात सासूच्या मागे उभी. पाचवा महिना, वजन 37 किलो, हिमोग्लोबिन 7.4. मी गरोदर बायांच्या गोळ्या काढल्या. तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, आता लाल का हो?"

सासूनं वय 19 सांगितलं. आधारवरही तेच होतं. मला पक्कं माहीत होतं की पोर सोळाची आहे. पर्यवेक्षिकेला फोन लावला तर त्या म्हणाल्या, "कार्डावर आहे ते लिहा, आपण काय पोलीस आहोत का?" मी 19 लिहिलं. रजिस्टरमध्ये तो आकडा माझ्या अक्षरात आहे. पॉक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, 2012 चा, कळवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. बाळ 1 किलो 700 ग्रॅमचं झालं, 18 दिवस काचेत होतं. दोघं वाचली. पुढच्या दसऱ्यानंतर ती कडेला लेकरू घेऊन ऊसतोडीला गेली.

तिच्या आईला मी रागानंच विचारलं, एवढी हुशार पोर, का दिली? ती म्हणाली, "आमी सहा महिने कारखान्यावर. वयात आलेली पोर म्हाताऱ्या सासूच्या जिवावर ठिऊ का पाचटाच्या कोपीत नेऊ? तिथं रातचं उघड्यावर जावं लागतं बाई." सासरच्यांचा हिशेब वेगळा. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यावर मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) मिळते. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात.

पुढच्या मासिक सभेत मी उभी राहून म्हणाले, बापांना बोलवा, सासवांना बोलवा, मुकादमाला बोलवा. पर्यवेक्षिकाबाईंचं एकच, "बाप्यांपुढं असले विषय नकोत, मुलींना लाज वाटते." मुली तर मला धडाधड विचारायच्या! मी कितीदा तरी हे मांडलं आणि दर वेळी विषय पुढच्या महिन्यावर गेला. त्या चुकत होत्या, आजही माझं हेच मत आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात 21.9 टक्के निघाल्या, आमच्या बीडमध्ये 43.7. आमच्याकडे कोवळ्या वयातलं गरोदरपण बहुतेक लग्नातूनच येतं, आणि लग्न ठरवणारे तुमच्या सत्राला कधी नसतातच.

सत्रं वायाच जातात असं मी म्हणत नाही. पैठण तालुक्यात पाचोडच्या संस्थेनं किशोरींना वर्षभर जीवनकौशल्यं शिकवली, तिथं मुलींच्या लग्नाचं वय सोळावरून सतरावर गेलं. पण ते वर्षभराचं काम होतं, एका दुपारचा मेळावा आणि फोटो नव्हे. आणि त्या मुलीची धाकटी बहीण बारावी झाली, ती माझ्या चित्रांमुळे नाही. फाट्यावर मुलींना शाळेत नेणारी, सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस यायला लागली आणि आईबाप कारखान्यावर असताना ऊसतोडीवाल्यांच्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहातून दोन वेळचं जेवण मिळालं, म्हणून आजीजवळ राहता आलं. बस बंद पडली की आगारात जाऊन बसणं हेही तुमच्या कार्यक्रमात धरा.

लग्न होऊन गेलेल्या मुलींना सोडू नका. निरोध, माला-एनच्या गोळ्या, अंतरा इंजेक्शन, गर्भ न राहण्याची ही साधनं सगळी आपल्याकडे फुकट मिळतात. पण "पहिलं तरी होऊ दे" म्हणणारी सासू समोर नसेल तर गोळ्या डब्यातच राहतात.

हा सगळा माझा ऊसतोडीच्या भागातला अनुभव. तुमचं काम पुण्या-मुंबईच्या वस्तीत असेल तर तिथं प्रेमप्रकरणांतून गर्भ राहिलेल्या मुली जास्त भेटतील, तिथं मुलामुलींशी गर्भनिरोधकांबद्दल उघड बोलणं आधी लागेल. आणि कुठंही असलात तरी मुलीनं मन मोकळं करण्याआधीच तिला सांगा की अठराच्या आतलं प्रकरण पोलिसांना कळवावं लागतं. गर्भपात करायचा असेल तर तिचं नाव उघड न करता डॉक्टर कळवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलंय. बऱ्याच डॉक्टरांनाही ते माहीत नसतं.

तारीख पोळ्याच्या आत धरा, उचलीची बोलणी पक्की व्हायच्या आधी. पहिली बैठक पारावर, बापांची. मुकादमाच्या घरी स्वतः जाऊन निमंत्रण द्या.