गुलामांच्या मळ्यावरचा ‘ड्रायव्हर’: गाडीवान की मुकादम?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्याबद्दलचा उतारा मराठीत आणताना ‘ड्रायव्हर’ला ‘गाडीवान’ आणि ‘फील्ड हँड’ला ‘शेतमजूर’ म्हटलं तर चालेल का?

दोन्ही नकोत. हा ड्रायव्हर गाडी नाही, माणसं हाकायचा. आणि बहुतेक वेळा तो स्वतःही गुलामच असायचा. त्याच्या वर पगारी ओव्हरसियर, म्हणजे देखरेख करणारा, त्याच्याही वर मालक. उदाहरण सॉलोमन नॉर्थपचं. न्यूयॉर्क राज्यातल्या या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला १८४१ साली पळवून नेऊन विकलं गेलं. लुइझियानात बारा वर्षं गुलामीत काढून सुटल्यावर, १८५३ साली, त्याने आपली हकिकत छापली. एडविन एप्स या मालकाने त्याला ड्रायव्हर केलं होतं. गळ्यात चाबूक अडकवूनच शेतात जायचं. एप्स शेजारी उभा असला की हात आखडता घ्यायची सोय नव्हती. पण तो लांबून बघत असला, की नॉर्थप चाबूक असा फिरवी की तो पाठीला, कानाला केसभर अंतर राखून जाई; आणि आधी ठरल्याप्रमाणे बाकीचे जिवाच्या आकांताने ओरडत!

अशा माणसाला ‘मुकादम’च म्हणावं. फक्त आपला ऊसतोडीचा मुकादम उचल वाटतो, कमिशन घेतो. तसलं इथे काही नाही. म्हणून पहिल्यांदा ‘गुलामांतलाच मुकादम’ लिहा, पुढे नुसता मुकादम पुरे.

‘शेतमजूर’ म्हटलं की मजुरी आलीच. एप्सकडे आठवड्याला मिळे तो साडेतीन पौंड बेकन आणि थोडा मका, तोही स्वतः दळून घ्यायचा. ‘सालगडी’चं साल ठरलेलं असतं, तेही बाद. ‘वेठबिगार’ जरा जवळचा, पण वेठ संपली की माणूस घरी जातो. इथे माणूसच विकत घेतलेला, त्याची पोरंही मालकाची. सरळ ‘शेतावरचा गुलाम’ लिहा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, तेव्हा या संदर्भात हा शब्द मराठीला मुळीच नवा नाही.

जाता जाता, कापूस ‘तोडत’ नाहीत, वेचतात. उताऱ्यातलं संध्याकाळी कापूस तोलणंही जपून लिहा. विदर्भात वेचणीचा कापूस तोलतात तो किलोमागे पैसे द्यायला. एप्सच्या मळ्यावर दिवसाला माणशी साधारण २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, भरावेच लागत. कमी भरले तर फटके, जास्त भरले तर उद्याचा आकडा वाढायचा. त्यामुळे टोपली घेऊन काट्याकडे जाताना प्रत्येकाच्या पोटात गोळा यायचा. इथे ‘मोजणी’पेक्षा ‘वजनाला लावणं’ बरं.

साउथ कॅरोलायना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या भातशेतीत रीत वेगळी. तिथे रोजचा ‘टास्क’ असायचा, साधारण पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. तेवढं उरकलं की उरलेला वेळ स्वतःच्या भाजीपाल्याला. याला ‘उक्तं काम’ म्हणायचा मोह होईल, पण उक्त्यात रक्कम आधी ठरते. ‘नेमून दिलेलं काम’ म्हणा.