ट्रेलरचे वचन किती धरायचे?

प्रश्न : आम्ही मित्र एका परदेशी विज्ञानपटमालिकेचे शाळेपासूनचे चाहते आहोत. तिचा पुढचा भाग येत्या जूनमध्ये प्रदर्शित होत आहे. टीझर आल्यापासून आम्ही तो थांबवून थांबवून पाहतो आणि कथेविषयी तर्क लढवतो. मागच्या भागाच्या वेळीही असेच केले होते, पण चित्रपट पाहिल्यावर सगळ्यांच्या पदरी निराशाच आली. या वेळी एकही ट्रेलर पाहू नये, असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : इतके टोक गाठण्याची गरज नाही. मित्रांनी एकत्र बसून तर्क लढवणे हा त्या मालिकेवरच्या प्रेमाचाच भाग आहे आणि तो आनंद कोणी सोडून द्यावा, असे मला वाटत नाही. निराशा नेमकी कोठून येते, हे मात्र पाहिले पाहिजे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या नव्या भागाचा टीझर अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत दाखवला गेला, तेव्हा कित्येकांनी दुसऱ्याच चित्रपटाचे तिकीट काढले, टीझर पाहिला आणि मूळ चित्रपट सुरू होताच ते उठून गेले. मालिकेचा आधीचा भाग १९८३ चा होता, म्हणजे प्रतीक्षा सोळा वर्षांची होती. १९ मे १९९९ रोजी तो चित्रपट प्रदर्शित झाला, जगभरात त्या वर्षी सर्वाधिक कमाई त्यानेच केली, आणि तरीही जुन्या चाहत्यांपैकी अनेकजण हिरमुसले. जाहिरातीत खोटे असे फारसे काही नव्हते. काळ्या-तांबड्या चेहऱ्याचा एक खलनायक आपल्या शस्त्राचे एक पाते पेटवतो आणि पाठोपाठ दुसऱ्या टोकाचेही पेटवतो, हे ट्रेलरमधले क्षणभराचे दृश्य चित्रपटातही आहे. पण त्या एका क्षणावरून प्रेक्षकांनी मनातले मांडे रचले, आणि प्रत्यक्षात त्या पात्राच्या वाट्याला मोजकीच वाक्ये आली आणि त्याच चित्रपटात त्याचा शेवटही झाला. क्षण जाहिरातीने दिला होता. त्याभोवतीची कथा पाहणाऱ्यांनी स्वतः रचली होती. तुमचे मागच्या वेळी असेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

जाहिरात करणाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक असते. ट्रेलर बहुधा दिग्दर्शक बनवत नाही. ते काम त्यातच वाकबगार असलेल्या स्वतंत्र संस्था करतात, आणि तेही पुष्कळदा मूळ चित्रपटाचे संकलन चालू असताना, दृश्यपरिणाम अर्धवट असताना. म्हणून ट्रेलरची गती आणि बरेचदा त्यातले संगीतही चित्रपटाचे नसते. शिवाय प्रत्येक टप्प्याचा श्रोता वेगळा असतो. पहिला टीझर तुमच्यासारख्या चाहत्यांना जागे करण्यासाठी असतो आणि तो हात राखून बोलतो. प्रदर्शनाच्या तोंडावर येणारा ट्रेलर मात्र ज्याचे अजून ठरलेले नाही त्याला ओढून आणण्यासाठी असतो, आणि त्याला राजी करण्याच्या घाईत तो हातचे काही राखत नाही. २०१५ मध्ये ‘टर्मिनेटर’ मालिकेच्या पाचव्या भागाच्या ट्रेलरनेच सांगून टाकले, की यंत्रांविरुद्ध लढणाऱ्या मानवांचा नेता जॉन कॉनर स्वतःच यंत्र झाला आहे. चित्रपटातला सर्वांत मोठा धक्का तोच होता. तुमचे तिकीट काढायचे आधीच ठरलेले आहे, तेव्हा तो शेवटचा ट्रेलर तुमच्यासाठी नाहीच. पहिला टीझर हवा तितक्या वेळा पाहा आणि शेवटच्या पंधरवड्यात येणारे सगळे टाळा, असे मी सुचवीन.

तरीही काही आधी कळले तर फार मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडे जत्रेत दशावताराला बसणाऱ्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो. राजा आणि राक्षस यांची जुगलबंदी आज कशी रंगेल, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते, कारण संवाद पात्रे उभ्या उभ्याच रचतात, आणि तेवढ्यासाठी माणसे पहाटेपर्यंत बसतात. काय घडणार याचे तर्क लढवताना ते कसे घडेल याची उत्सुकता मागे पडली, तर चित्रपट चांगला असूनही हुकल्यासारखा वाटतो.

एक व्यवहाराची गोष्ट. १ जूनपासून मासेमारी बंद असते, तुमच्यापैकी काहींना सवड असेल आणि पहिल्याच दिवशी जाण्याची घाई होईल. फलकावर भव्य पडद्याची आणि त्रिमितीची जाहिरात असली, तरी तुमच्या जवळच्या चित्रपटगृहात तो कोणत्या भाषेत आणि कोणत्या स्वरूपात लागणार आहे, हे आधी विचारून घ्या. पावसात घाट चढून गेल्यावर ते कळणे फार जिवावर येते.

प्रश्न : ट्रेलरमध्ये ठळकपणे दाखवलेले दृश्य चित्रपटात नव्हतेच. ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने, सहसा नाही. २०१६ मधल्या एका हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत गाजवलेले गाणे चित्रपटात नव्हते, म्हणून एका प्रेक्षक महिलेने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. महाराष्ट्र राज्य आयोगाने तिला दहा हजार रुपये भरपाई मंजूर केली आणि राष्ट्रीय आयोगाने ती कायम ठेवली. पण एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ट्रेलर म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार नव्हे, त्यात दिसलेले सारे चित्रपटात असेलच असे वचन त्यातून निघत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

दृश्य गळण्यामागे दर वेळी लबाडी असते, असेही नाही. २०१६ च्याच ‘रोग वन’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या चित्रपटाची नायिका उंच मनोऱ्यावर शत्रूच्या यानासमोर उभी राहते, हे ट्रेलरमधले दृश्य चित्रपटात नाही. त्या चित्रपटाच्या शेवटच्या भागाचे बरेचसे चित्रण नव्याने करण्यात आले होते. मात्र दृश्य वगळल्याचे ठाऊक असूनही जो निर्माता त्याच्याच जोरावर शेवटपर्यंत तिकिटे विकतो, तो चाहत्यांचा विश्वास गमावतो आणि तशी नाराजी त्याला स्पष्ट शब्दांत कळवलीच पाहिजे.

चित्रपटगृहाने त्रिमितीचे पैसे घेऊन साधी प्रत दाखवली किंवा जाहीर केलेली भाषा ऐनवेळी बदलली, तर गोष्ट वेगळी. तेथे पैसे घेऊन ठरलेली सेवा दिली गेलेली नसते. तिकीट आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा, आधी व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करा, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा.