गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, इंडिकेटर लावला की हेडलाइट लुकलुकतो. अख्खं वायरिंग बदलावं का?

नको. निदान अजून तरी नको. तुम्ही लिहिलंय की गाडी सोळा वर्षांची आहे, बॅटरी सहा महिन्यांपूर्वीच नवी टाकली, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता कुरकुरतो. शिवाय डावा इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा हेडलाइट त्याच्या तालावर मंद होतो. इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडून दोन मिनिटांत वायरिंग बदलायचा निकाल दिला. माझ्या मते हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि दोन्ही तुम्हाला घरी सापडतील. साधा मल्टीमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) आणि एक सुट्टीची सकाळ पुरे.

मी इलेक्ट्रिशियन नाही. एक जुनी गाडी बरीच वर्षं सांभाळली आणि बऱ्याच चुका केल्या, एवढीच माझी पात्रता.

हेडलाइटपासून सुरू करा, कारण ते सोपं आहे. एक दिवा लावला की दुसरा मंद होतो, तेव्हा बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातला अर्थ, म्हणजे दिव्याची वायर गाडीच्या बॉडीला जिथे जोडलेली असते तो जोड, खराब असतो. बल्बमधून गेलेला करंट बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत यायला हवा. अर्थचा बोल्ट गंजला की ती वाट अडते आणि करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून आडवाट काढतो. म्हणून एकाचा ताल दुसऱ्यात दिसतो.

इथे बहुतेक जण फसतात. कनेक्टर काढून मीटर लावतात, बारा व्होल्ट दिसतात आणि म्हणतात, वायर ठीक आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी त्याला बारा व्होल्ट दिसणारच. ओहमवर मोजूनही भागत नाही. 55 वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो. त्याच्या वाटेत अर्धा ओहम जरी गंज आला, तरी दोनेक व्होल्ट तिथेच खर्च होतात. स्वस्त मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध त्याच्या आसपास असतो, मग तो अर्धा ओहम दिसणार कसा?

त्यामुळे दिवा चालू ठेवून मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल प्रोब हेडलाइटच्या अर्थ वायरवर. 0.1-0.2 व्होल्टपर्यंत ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. बोल्ट खोला, खालचा रंग आणि गंज घासकागदाने चकचकीत होईपर्यंत काढा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस. हीच युक्ती सेल्फलाही लागू पडते. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनची अर्थ पट्टी किंवा टर्मिनल खराब आहे.

आता बॅटरी. तासन्‌तास उभ्या गाडीत भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसते. 12.0 म्हणजे ती जवळपास रिकामी आहे. इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. ते दिसत असतील तर चार्जिंग होतंय, म्हणजे उभ्या गाडीत कुणीतरी करंट पितंय.

तो मोजायला बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि खांब व केबल यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरवर जोडा. काढताना नेहमी निगेटिव्हच आधी. पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर काय होतं ते बघण्यासारखं नसतं. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका. मी फिरवली होती. मीटरमधला फ्यूज उडाला, आकडा 0.00 झाला आणि बिघाड आपोआप गेला म्हणून मी दोन दिवस खुशीत होतो.

दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने ढकलून बंद करा, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते लागलेलं वाटेल. मग अर्धा तास थांबा, गाडीतली काही इलेक्ट्रॉनिक युनिट झोपायला वेळ घेतात. आकडा 0.05 अँपिअरच्या आत असला तर चिंता नाही. 0.35 दिसला तर हिशोब करा: दिवसाला साधारण साडेआठ अँपिअर-तास. 45 अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत अर्धी होते. तुमचं वर्णन इथे चपखल बसतं.

फ्यूज एकेक काढत बसण्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर टेकवा. (त्यासाठी खांब आणि केबल यांच्यामधला मीटर काढण्याआधी केबल परत जोडायला विसरू नका.) शून्य म्हणजे त्यातून करंट जात नाही. ज्यावर काही मिलिव्होल्ट दिसतील, ते सर्किट जागं आहे. फ्यूज काढून परत लावला की झोपलेली युनिट जागी होऊन गोंधळ घालतात, तो त्रास यात नाही.

आधी डिक्कीचा दिवा आणि बाहेरून बसवलेल्या वस्तू बघा. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने ॲम्प्लिफायरची चालू करणारी वायर किल्लीवर न देता थेट बॅटरीवर दिली होती. म्युझिक सिस्टिम बंद, ॲम्प्लिफायर रात्रभर जागा! मी मात्र त्याआधी बॅटरी बदलून मोकळा झालो होतो.

कुठल्याच फ्यूजवर काही दिसत नसेल तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर घ्या. त्याची जाड वायर बऱ्याच गाड्यांत या फ्यूजबॉक्समधून जात नाही, आणि करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला डायोड गळका झाला तर करंट उलटा झिरपतो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर जवळपास खात्रीच समजा. बॅटरी सोडवून ती वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि करंट पुन्हा मोजा.

वायरिंग खरंच बदलावं लागतं ते वेगळ्या कारणाने. इंजिनजवळची वायर वाकवून बघा. वरचं आवरण बिस्किटासारखं तडकलं किंवा आतलं तांबं हिरवंकाळं दिसलं, तर तेवढा तुकडा बदला. आणि कुणी 10 च्या जागी 20 चा फ्यूज लावून ठेवला असेल तर तो आजच काढा, कारण तिथे फ्यूजच्या आधी वायर जळेल.