वाचकांचे प्रश्न : वाईट रिव्ह्यू काढून टाकू का?

प्रश्न : आमचा छोटासा ऑनलाइन बिझनेस आहे. मेसेजना उत्तरं द्यायला माणसं पुरेनात म्हणून चॅटबॉट लावला, तर आता कस्टमर रिव्ह्यूमध्ये राग काढतायत. असे रिव्ह्यू डिलीट करावेत का?

उत्तर : अजिबात नको! अहो, अनोळखी माणसाला ऑनलाइन पैसे पाठवायचा विश्वास लोकांना आला तोच मुळी अशा रिव्ह्यूंमुळे. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने १९९६ मध्येच खरेदीदार-विक्रेत्यांना एकमेकांबद्दल उघड मत लिहायची सोय केली होती. आधी तक्रार दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातच राहायची, आता ती पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक वाचतो आणि तुमचं उत्तरही वाचतो, हे बरेच जण विसरतात. त्यामुळे त्याच रिव्ह्यूखाली काय चुकलं आणि पैसे कधी परत मिळतील ते सरळ लिहा.

आता बॉटचं. पार्सल कुठंय, रिटर्न कसं करायचं एवढं त्याला खुशाल सांगू द्या. पण लोक चिडतात कुठे माहितीय का, बॉट ऑर्डर नंबर विचारतो, फोटो मागतो, सगळं टाइप करून झालं की ‘आमचे प्रतिनिधी संपर्क करतील’ म्हणतो आणि मग प्रतिनिधी येऊन पुन्हा पहिल्यापासून ऑर्डर नंबर विचारतो, मग कुणाचंही डोकं फिरणारच ना! तेव्हा बॉटवरचं अख्खं चॅट तुमच्या माणसाला दिसेल अशी सोय आधी करा, आणि ‘माणसाशी बोलायचंय’ हे बटण पहिल्याच स्क्रीनवर ठेवा, लपवू नका.