दोन आजार, टक्केवारी एकच

प्रश्न : मुलगा अमेरिकी लष्करात होता, आता टेक्सासला असतो. पीटीएसडीसाठी (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताचा आजार) ५० टक्के अपंगत्व मंजूर आहे. डॉक्टरांनी नैराश्यही लिहिलंय. त्याचे वेगळे टक्के मिळतील का?
– एक आई, कराड

उत्तर : नाही, ताई. माझं माहेर अपशिंगे मिलिटरी, साताऱ्याकडचं सैनिकांचं गाव. फौजेतून परतलेला माणूस रात्री दचकून उठतो ते मी घरात पाहिलंय. अमेरिकेचं माजी सैनिक खातं, खाण्याचे विकार सोडले तर, सगळ्या मानसिक आजारांना मिळून एकच टक्केवारी देतं : ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १००. झोप उडणं दोन्ही आजारांत असलं, तरी एकदाच धरतात. पण काम आणि घरातलं वागणं आणखी बिघडलं असेल, तर त्याने वाढीव टक्केवारीचा अर्ज जरूर करावा. नोकरी का सुटली, माणसांत बसवतं का, हे सूनबाईंकडूनही लिहून घ्या. पाठदुखीसारखा शरीराचा त्रास असेल तर तो वेगळा मोजतात, पण सरळ बेरीज नाही. २० टक्के उरलेल्या ५० वर धरतात, म्हणून ५० आणि २० चे ६०च होतात.